हरणाबाईचं गूळपाणी

हरणाबाईच्या दारातून गूळपाणी न घेता परत गेलेला माणूस कडेगाव तालुक्यात शोधून सापडायचा नाही. मीटर बघायला आलेला लाईनमन असो, मतं मागायला आलेला पुढारी असो, नाहीतर वाट चुकलेला मेंढरंवाला असो, आधी पितळेचा तांब्या आणि गुळाचा खडा, मग काय ते बोलणं. ती माहेरची कवठे महांकाळकडची. तिच्या लहानपणी तिकडं पाणीच तुपासारखं जपून वाढायचे, गूळ तर सणालाच दिसायचा. लग्न होऊन ती उसाच्या मुलखात आली, घरचं गुऱ्हाळ बघितलं, आणि पहिल्याच हंगामात तिनं मनाशी ठरवून टाकलं की आता हात आखडायचा नाही.

सासऱ्यानं तिला रस आटवायच्या काहिलीपुढं उभं केलं. रस उकळून त्याला फेस कसा येतो, फुगे लहानाचे मोठे कसे होतात, पाण्यात टाकलेला थेंब कधी गोळी धरतो, हे सगळं तिनं दोन हंगामांत उचललं. सासरा गेल्यावर गूळ पाडायला पगारी गुळव्या ठेवायची वेळच आली नाही. बाई माणूस गुळव्याचं काम करते म्हणून आधी लोक हसले, मग तिचा गूळ खाऊन गप्प बसले. हातानं चलाख, जिभेनं त्याहून चलाख. एक गोष्ट मात्र तिला जन्मात जमली नाही. तिला थांबता यायचं नाही. चहा उकळेपर्यंत ती अंगण झाडून घ्यायची, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

आणि नशिबानं नवरा दिला तो गुंडा.

नावाचाच गुंडा, स्वभावानं गाय. हरणाबाईचं लग्न लागलं तेव्हा तो नुकताच फौजेत भरती झालेला होता. माहेरच्या गल्लीत तिची मान ताठ झाली होती. पुढचा दसरा यायच्या आत गुंडा ट्रंक घेऊन घरी परतला, तो कायमचाच. ट्रेनिंगच्या ठिकाणी आदल्या दिवशी बडाखाना झाला, मटण-भात, शिरा-पुरी झाली, की दुसऱ्या दिवशी पहाटे हा अंथरुणातून उठायचा नाही. पाय हलत नाहीत म्हणायचा. उस्ताद शिव्या द्यायचे, ओढून उभं करायचे, हा खाली कोसळायचा. दवाखान्यात न्यायची पाळी येईपर्यंत दुपार व्हायची, आणि दुपारी हा आपल्या पायांनी चालत डॉक्टरपुढं जायचा. डॉक्टर तरी काय बघणार. असं तीन-चारदा झाल्यावर त्यांनी त्याला घरचा रस्ता दाखवला.

लग्न फौजीशी लागलं आणि संसार सुट्टीवाल्याशी झाला, असं हरणाबाई म्हणायची. ती एकटीच म्हणायची असं नाही. सगळं गाव त्याला सुट्टीवाला म्हणायचं. तिचा थोरला भाऊ भाऊसो फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आला होता आणि जवळच घर करून राहत होता, त्याला तर दाजी म्हणजे हक्काची करमणूक. घरात पाऊल टाकलं की तो ओरडायचा, "दाजी, परेड सुरू झाली, उठा." लोक हसायचे. गुंडाही थोडा हसायचा.

गावातही ते चालूच राहिलं. जत्रा झाली, लग्न झालं, जेवणावळ उठली, की दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडा आडवा. "जरा थांब, उठतो," एवढंच म्हणायचा. आणि थांबायचं तर हरणाबाईला ठाऊक नव्हतं. एकदा ऐन हंगामात, ऊस तोडून दारात पडलेला, काहिलीखालचं चुलवण पेटायचं बाकी, आणि हा पडून. तिनं थंड पाण्याची घागर आणली आणि त्याच्या अंगावर ओतली. तो नुसता तिच्याकडं बघत राहिला. ओल्या अंथरुणात दुपारपर्यंत तसाच पडून होता. ढोंगाची पण कमाल असते, असं तिनं त्या दिवशी सगळ्या गुऱ्हाळाला ऐकवलं.

पुढं तिनं त्याला चुलवणात चिपाडं सारायचं काम दिलं. बसून करायचं काम. वय वाढलं तसं ते सकाळचं पडून राहणं कमी झालं, पण चाल मंदावली. पायरी चढायची तर हातानं गुडघा दाबून चढायचा. हरणाबाई म्हणायची, आळस आता हाडात मुरला.

त्याची आणखी एक गोष्ट तिला फार लागायची. तो गूळ खायचा नाही. गुळाच्या घरात राहून चहा बिनगुळाचा, पोळी नुसती दुधाशी, तीही अर्धी. लग्नानंतर एकदा तो चाचरत म्हणाला होता, "गोड लय खाल्लं की पाय जात्यात, आसं वाटतं मला." ती हसली होती. "गाढवाला गुळाची चव काय," असं म्हणून तिनं तांब्या उचलून नेला होता. परत तो त्यावर कधी बोलला नाही.

थोरल्या मुलीचं लग्न होऊन गेलं. धाकटा शंभूराज. हरणाबाईनं त्याच्यावर नुसता जीव लावला नव्हता, त्याच्यावर घराण्याची अब्रू लावली होती. बापानं घालवलेली वर्दी पोरानं परत आणायची, हे तिनं तो शाळेत असल्यापासून त्याच्या कानात भरलं होतं. पोरगंही तसंच निघालं. उसाच्या रानातल्या वाटेवर पळायचा, भाऊसोमामा घड्याळ लावायचा. गेल्या हिवाळ्यात भरतीच्या मैदानात शंभूराज पहिल्या गटात पळाला आणि पास झाला. डॉक्टरी तपासणी तेवढी राहिली होती.

त्या दिवशी गावानं त्याला वेशीपासून मिरवत आणलं. हरणाबाईनं पुरणपोळ्या केल्या, आपल्या हातच्या गुळाची गुळवणी केली. दिवसभर पळून दमलेलं पोरगं, आईनं समोर बसून वाढलं. पोळी संपायच्या आत दुसरी पानात. वर कुणी जिलेबी आणली होती, कुणी पेढे. गुंडा कोपऱ्यात बसून पोराच्या पानाकडं बघत होता. "बास कर की त्याला," असं तो एकदा म्हणाला. हरणाबाईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सकाळी शंभूराजनं हाक मारली. आवाज नेहमीचाच होता, म्हणून ती हातातलं काम उरकूनच आत गेली.

"आई, पाय उचलंनात."

तिला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग तिनं पांघरूण काढलं. पोराची मांडी हातात घेतली तर ती ओल्या मातीसारखी जड आणि ढिली. पाय उचलून सोडला तो दाणकन खाली पडला. एवढा पळणारा पाय, काल अख्ख्या मैदानानं बघितलेला पाय, आणि आज त्यात कुणी राहतच नाही असं वाटत होतं.

"आशक्तपना आलाय," ती म्हणाली. स्वतःलाच सांगत होती. "पळून पळून आंगातलं बळ गेलंय. थांब, गूळपानी आनते."

दारात गुंडा उभा होता. "त्याला गूळ नगं दिऊस," तो म्हणाला.

"तुमी गप बसा."

"अगं, ऐक माजं. मला बी…"

"तुमचं काय सांगू नगासा मला," हरणाबाई म्हणाली. "माज्या पोराला तुमच्या पंगतीला बसवू नगा."

तिनं तांब्याभर पाण्यात मूठभर गूळ विरघळवला आणि पोराच्या तोंडाला लावला. त्यानं सगळा प्यायला. आईच्या हातचं गूळपाणी, नाही कशाला म्हणेल. भाऊसोला फोन गेला, तो जीप घेऊन येईस्तोवर शंभूराजचे हात जड झाले. मग तिनं आणखी थोडं पाजलं. जीपमध्ये घालताना त्याची मान मागं कलली आणि ती त्याला सावरता येईना. गुंडा दारातल्या खांबाला धरून उभा होता. हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही, पण तो न बोलावता पुढच्या सीटवर चढून बसला. सगळ्या वाटेवर ती पोराच्या जिभेवर गुळाचे बारीक खडे ठेवत होती.

कऱ्हाडच्या दवाखान्यात डॉक्टर संयोगिता म्हणून एक बाई होत्या. त्यांनी शंभूराजला हात दाबायला सांगितला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली, छातीला वायरी लावून पट्टी काढली. ती पट्टी बघून त्या घाईनं नर्सशी काहीतरी बोलल्या. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्या हरणाबाईपाशी येऊन बसल्या.

"मावशी, काल यानं काय खाल्लं?"

हरणाबाईनं सांगितलं. पोळ्या, गुळवणी, जिलेबी. सांगताना तिला कालचा आनंद आठवला आणि रडू आलं.

"आणि आज सकाळी?"

"गूळपानी दिलं की. दोनदा. वाटंत बी खडं चारलं. न्हाईतर त्याच्यात काय उरलंच नसतं."

डॉक्टरांनी हळूच हरणाबाईच्या मुठीतली गुळाची पुडी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. "हे आता द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही चुकलात असं नाही. कुणीही हेच दिलं असतं. पण यानंच त्याचं वाढलंय."

हरणाबाईला ते शब्द कळले, पण आत शिरेनात. गुळानं. तिच्या गुळानं.

"मीठ पाण्यात विरघळतं, तसे आपल्या अंगात बारीक बारीक क्षार विरघळलेले असतात," डॉक्टर सांगत होत्या. "प्रत्येक कणावर थोडी वीज असते. आम्ही त्यांना आयन म्हणतो. सोडियम, पोटॅशियम. आता अंगातली प्रत्येक पेशी एका पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. पडद्याच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. हा फरक राहावा म्हणून पडद्यात एक पंप आयुष्यभर चालू असतो. सोडियम बाहेर काढतो, पोटॅशियम आत घेतो. त्या फरकाच्या जोरावर स्नायू तयार राहतो. मेंदूकडून हुकूम आला की पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत धावतं, मग पोटॅशियम बाहेर, आणि स्नायू आखडतो. आपण पाय उचलला असं म्हणतो ते हेच."

"मग हेचं काय झालं?"

"गोड खाल्लं की अंगात इन्शुलिन सुटतं. ते त्या पंपाला जोर देतं. रक्तातलं पोटॅशियम भराभर पेशींच्या आत जातं. तुमच्या-माझ्या अंगात थोडं कमीजास्त होतं आणि आपोआप सावरतं. पण काही माणसांच्या स्नायूंच्या पडद्यात एक दार जन्मापासूनच बिघडलेलं असतं. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की ते दार गळायला लागतं, आणि स्नायू बहिरा होतो. हुकूम येतो, त्याला ऐकू जात नाही. भरपूर मेहनत, मग भरपेट गोड, मग झोप, की सकाळी हे असं."

"म्हंजे त्याच्या आंगातलं ते सपलं?"

"संपलं नाही मावशी. अंगात आहे तेवढंच आहे. फक्त दाराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसलंय. आपण बाहेरून थोडं थोडं देऊ, घाई करून चालत नाही, हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. बहुतेक संध्याकाळपर्यंत पाय हलतील."

हरणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. वाचलं पोरगं. तिला उठून पोराकडं जायचं होतं, पण डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला.

"हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं. घरात आधी कुणाला असं व्हायचं का? जेवणावळीनंतर सकाळी उठता न येणं, दुपारी आपोआप बरं होणं?"

भाऊसो शेजारी उभा होता. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या दाजींना व्हतं की. पन ते…" आणि तो तिथंच थांबला.

हरणाबाईला बाहेरच्या बाकड्यावर बसलेला माणूस काचेतून दिसत होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर जमिनीला. ती त्याच्याकडं अशी बघत राहिली, जणू तो माणूस तिनं आजच पहिल्यांदा बघितला होता.

डॉक्टरांनी गुंडाला आत बोलावलं. स्टुलावर बसवलं आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं. त्यानं प्रयत्न केला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, पण तो स्टुलावरून वीतभरही वर आला नाही. डॉक्टरांनी त्याची विजार वर सारून मांड्या बघितल्या. हरणाबाईनंही बघितल्या. त्या माणसाच्या मांड्यांवर मांस उरलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून तिला हे दिसलं नव्हतं.

"काका, हे पाय घेऊन तुम्ही चालता कसे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हळूहळू," गुंडा म्हणाला.

डॉक्टर विचारत गेल्या, तो सांगत गेला. व्हय, गोडाच्या जेवणानंतर. व्हय, थंडीत जास्त. व्हय, दुपारपर्यंत जायचं. गूळ सोडल्यावर कमी झालं, म्हणून सोडला, खरं का खोटं देव जाणे. फौजेत कुणाला पटलं न्हाई. घरी बी न्हाई.

"पक्कं सांगायला तपासण्या कराव्या लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "पण माझी खात्री आहे. हा खरा आजार आहे, काका. येऊन-जाऊन होणारा लकवा. पुष्कळ वर्षं हे झटके आले की काही जणांचे पाय कायमचे असे खंगतात. तुम्ही ढोंग करत नव्हता. तुम्हाला उठताच येत नव्हतं."

गुंडाचा ओठ हलला. त्यानं एकदा बायकोकडं बघितलं. रागानं नाही. मग डॉक्टरांना म्हणाला, "बाई, ही हितं हाय तवर तेवडं परत एकदा सांगा."

आणि डॉक्टर संयोगितांनी तेवढं परत एकदा सांगितलं. सावकाश, हरणाबाईच्या तोंडाकडं बघून. भाऊसो बाहेर निघून गेला.

दिवस कलला तसा शंभूराजचा अंगठा हलला. मग पाऊल. पोटॅशियमच्या औषधाची खारट चव त्याला आवडली नव्हती, तोंड वाकडं करून तो पीत होता. फौजेचं काय, हे त्यानं स्वतःच डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी खरं ते सांगितलं. ती वाट बंद झाली होती. तो छताकडं बघत पडून राहिला. हरणाबाईला वाटलं, आता हा रडेल. पण त्यानं मान वळवली आणि पायथ्याशी बसलेल्या बापाला विचारलं, "आबा, तुमाला बी आसंच व्हायचं? सगळं ऐकू यायचं?"

"व्हय," गुंडा म्हणाला. "ऐकू यायचं, दिसायचं. फकस्त हलता यायचं न्हाई."

हरणाबाईच्या डोळ्यांपुढं ती घागर आली. ओलं अंथरूण, थंडीचा दिवस, आणि तिच्याकडं नुसता बघत राहिलेला माणूस. ती गुऱ्हाळात उभी राहून जे जे बोलली होती ते त्याला ऐकू येत होतं. दुसऱ्या गड्यांचं हसणंही. त्याला अंग आखडून घेता येत नव्हतं, तोंडावरचं पाणीही पुसता येत नव्हतं. ती उठली, व्हरांड्यात गेली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली.

रात्रभर तिनं तोंडात पाणी घेतलं नाही. गुंडाशी बोलावं म्हणून दोनदा त्याच्याजवळ जाऊन बसली आणि दोनदा उठली. कुठून सुरू करायचं. सकाळी शेवटी तिनं विचारलं, "तुमी सांगितलं का न्हाई मला?"

"सांगितलं व्हतं की," तो म्हणाला. "पयल्या साली."

एवढंच बोलला तो.

पोराला घरी सोडलं त्या दिवशी भाऊसोनं जीप दवाखान्याच्या दारात आणली. शंभूराज भिंतीला धरत आपल्या पायांनी आला आणि मागं बसला. मग गुंडा. जीपची पायरी उंच. तो नेहमीसारखा हँडलला धरून उभा राहिला, श्वास घेतला, एक हात गुडघ्यावर ठेवला. अशा वेळी भाऊसोचं ते परेडचं ठरलेलं वाक्य यायचं. आज त्यानं समोरच्या काचेवरची धूळ पुसायला घेतली.

मागं दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती. हरणाबाई पटकन पुढं झाली. दवाखान्याच्या दारात, चार लोकांदेखत, ती खाली वाकली आणि नवऱ्याचं पाऊल दोन्ही हातांत घेऊन पायरीवर ठेवायला लागली.

"ऱ्हाऊ दे," गुंडा म्हणाला. "माजं मी चढतो. तू फकस्त जरा थांब."

तिनं पाऊल सोडलं आणि सरळ उभी राहिली. मागची गाडी हॉर्न वाजवतच होती. गुंडानं गुडघा दाबला, एकदा प्रयत्न केला, खाली आला, दम घेतला, पुन्हा गुडघा दाबला. हरणाबाई दोन्ही हात पदरात धरून थांबली.